आत्याला साप चावला नव्हता

खोटं बोलताय तुम्ही सगळे.

आज आत्याचा तेरावा. पंगतीत पायसम वाढून घेता घेता चार जणांनी मला तेच ऐकवलं. "बांधावर एवढं रान माजवलं, मग साप डसणारच."

डसला नाही!

सीटी स्कॅनचा रिपोर्ट माझ्याकडे आहे. मेंदूत रक्तस्राव. बीपी होतं, गोळ्या चुकवायची. अंगावर कुठेही दंशाची खूण नाही, डॉक्टरांनी दोनदा पाहिलं.

पण ती सकाळी बांधावर, गवतात बेशुद्ध पडलेली सापडली. तेवढं पुरलं लोकांना.

पुण्यातल्या माझ्या मित्रमैत्रिणींना ती माहीत नाही, म्हणून सांगते.

आमचं घर तमिळनाडूतल्या कुंभकोणमचं, तंजावरकडचे मराठी आम्ही. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. तिथल्याच शाळेत गणित शिकवायची. लग्न केलं नाही. रिटायर झाली आणि मरुदानल्लूरची आमची तीन एकर भातशेती, जी वर्षानुवर्षं दुसरेच कसत होते, ती स्वतः करायला घेतली. सोबतीला सेल्वी. त्याच गावची, लहानपणापासून लावणी-कापणी करत आलेली.

मी फोनवर हसले होते. म्हटलं, "आत्या, हॉबी म्हणून छान आहे."

"हॉबी कसली गे? शेतानं पोट भरलं पाहिजे. नाहीतर दुसरा कोण असं करील?"

कालव्याला पाणी आलं की तिकडे सगळेजण शेतं तुडुंब भरून ठेवतात. आत्यानं भोकं पाडलेला एक प्लॅस्टिकचा पाइप चिखलात रोवला. पाइपातलं पाणी वीतभर खाली गेलं की मगच शेतात पाणी सोडायचं.

"टीचरम्मा पिकाला तहानेनं मारणार," शेजारी म्हणाले.

पीक मेलं नाही.

बांधावर तिनं उडीद, चवळी, झेंडू लावला. मधलं गवत तसंच राहू दिलं. कोळी, चतुर, बेडूक यांना राहायला जागा पाहिजे म्हणून.

दुसऱ्या वर्षी तुडतुडे आले. शेजारच्यांनी तीन-तीनदा फवारलं. सेल्वी रडकुंडीला आली. "टीचरम्मा, एकदा तरी मारू या ना औषध."

आत्यानं मला व्हिडिओ कॉल लावला. गुडघाभर चिखलात उभी, भाताचा एकेक चूड हातानं उघडून आतले कोळी मोजत होती.

"काय करतेस?"

"हजेरी घेत्ये. थांब, मधे बोलू नको."

फवारलेल्या शेतांत कोळी मेले आणि तुडतुडे दुप्पट जोरानं परत आले. जागोजागी पीक भाजल्यासारखं वाळलं. आत्याच्या शेताचा एक कोपरा गेला, बाकीचं उभं राहिलं. पोती थोडी कमी भरली असतील, पण औषधाचा खर्च वाचला, खताचा निम्म्यावर आला, बांधावरचा उडीद वेगळा विकला गेला. शेजाऱ्यांपेक्षा तिच्या हातात जास्त राहिलं.

तेव्हा फॅमिली ग्रुपवर कुणी एक अंगठासुद्धा टाकला नाही.

आणि हो, धामण होती शेतात. बिनविषारी. उंदीर खायची. तिच्यामुळे आमच्या शेतात उंदीर कमी होते, हे गावात सगळ्यांना माहीत आहे.

आता अण्णा. माझा सख्खा मोठा भाऊ.

अण्णा, तू हे वाचशील. वाच.

आत्याला अग्नी तू दिलास. आणि चौथ्या दिवशी तणनाशकाचा पंप पाठीला लावलेला माणूस शेतात तूच नेलास.

सेल्वीचा फोन आला तेव्हा मला तिचं बोलणंच कळेना, इतकी ती ओरडत होती. मी कुंभकोणमच्या घरून ऑटो करून पोचले. दक्षिणेकडचा अख्खा बांध औषधानं ओला. उडदाच्या शेंगा भरत आलेल्या. पुढच्या बांधावर सेल्वी दोन्ही हात पसरून उभी, आणि पंपवाला बिचारा तुझ्या तोंडाकडे बघतोय.

"कुणाला विचारलंस?" मी म्हटलं.

"साप आहेत इथे. आत्या गेली. अजून कुणी जायला पाहिजे का?"

"रिपोर्ट वाचलास ना तू?"

तू पंपवाल्याकडे वळलास.

"अण्णा, वाचलास ना?"

मग हळूच म्हणालास, "पुढच्या हंगामापासून शेत शेजाऱ्याला कसायला द्यायचं ठरवलंय. त्याला बांध साफ पाहिजेत."

चिता विझून तीन दिवस झाले होते, अण्णा. तीन.

शेत द्यायचं होतं तर तसं सांगायचंस. मी भांडले असते, पण समजू शकले असते. तू मात्र तिच्या मरणाचंच कारण बदललंस. सहा वर्षं उन्हात राबून तिनं जे उभं केलं, त्यानंच तिला मारलं असं गावभर करून टाकलंस. आता तिथे कुणी बांधावर झेंडूचं रोप लावायला गेलं तर त्याची बायको म्हणेल, नको, टीचरम्माचं काय झालं बघितलंत ना.

माझा माझ्यावरही राग आहे. सहा वर्षांत मी त्या शेतात दोनदा गेले. दोनदा! तेही फोटो काढायला.

तो बांध आता पिवळा पडून करपलाय. बाकीचे तीन वाचले, सेल्वीमुळे.

तर सगळ्यांसमोर लिहिते. वडिलांच्या आणि आता आत्याच्या मागे त्या जमिनीत अर्धा हिस्सा माझा आहे. माझ्या सहीशिवाय ती कुणालाही कसायला देता येणार नाही, आणि माझी सही मिळणार नाही. शेत सेल्वी करील, अर्ध्या वाट्यानं. तिला आज सकाळी विचारलं.

ती म्हणाली, "करते. पण तुम्ही पुण्याहून फोनवर शिकवायचं नाही."

मान्य.

पीक पोटरीत आहे, लोंब्या अजून बाहेर यायच्यात. पोंगलनंतर कापणी. तोवर मी रजा टाकली आहे. मला शेतीतलं काही येत नाही. काल पाणी सोडताना बांधातली पाण्याची मोरी भलत्याच बाजूला फोडली, सेल्वीनं शिव्या घातल्या.

आत्या, अजून रडले नाही मी. राग जरा उतरू दे.

नीट जा. तुला माझा साष्टांग नमस्कार.