मुलगा बॉल फेकतो

मुलीने फोनवर सांगितलं की तिने लग्नाचं ठरवलंय, तेव्हा मी बहारीनला, गुदैबियातल्या आमच्या स्वयंपाकघरात भेंडी चिरत होते. मुलगा अमेरिकन आहे हे ऐकूनही माझा हात थांबला नाही. पोर नोकरीला अमेरिकेत गेली त्याच दिवशी मी मनाची तयारी करून ठेवली होती. "करतो काय?" एवढंच मी विचारलं.

"आई, तो बॉल फेकतो."

मग मात्र मी सुरी खाली ठेवली आणि खुर्ची ओढून बसले.

तिने सगळं नीट समजावून सांगितलं. बेसबॉलमध्ये जो बॉल टाकतो तो पिचर, आपल्या गोलंदाजासारखा. मोठ्या, टीव्हीवरच्या संघांच्या हाताखाली छोटे संघ असतात. ते गावोगाव बसने हिंडून खेळतात आणि तिथे जो चमकला त्याला वर बोलावणं येतं. हा वरून दुसऱ्या पायरीवर होता. बॉल ताशी शंभर मैलांच्या आसपास जातो, हे तिने मला तीनदा ऐकवलं. "शिक्षण?" मी विचारलं. "कॉलेज अर्धवट सोडलं," ती म्हणाली. भेंडी चिकट होत चालली होती, पण चिरायचं कोणाला सुचतंय?

आता हे नवऱ्याला सांगायचं होतं. नवरा मनाम्यातल्या एका कंपनीत अकाउंट्स बघतो. 'परमनंट' हा शब्द उच्चारताना त्याचा आवाज देवघरात बसल्यासारखा खाली येतो. नात्यातल्या कुठल्याही मुलाचं स्थळ निघालं की त्याचा पहिला प्रश्न तोच. भाच्याच्या साखरपुड्यात तर त्याने चहाचा कप हातात घ्यायच्या आधी विचारलं होतं.

मुलीला व्हिडिओवर समोर बसवून त्याने चौकशी सुरू केली. "पूर्ण मॅच खेळतो का?"

"नाही बाबा, तो रिलीव्हर आहे. शेवटी येतो, नऊ इनिंगपैकी एखादीच टाकतो."

"म्हणजे राखीव!" नवरा माझ्याकडे वळला. "ऐकलंस? आपली एकुलती एक पोर आपण राखीव खेळाडूला द्यायची."

मुलगी बिचारी सांगत राहिली की पहिला पिचर दमला, सामना अडचणीत आला की यालाच बोलावतात, हे मोठं विश्वासाचं काम आहे. नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते असू दे. परमनंट कधी होणार?"

तिने फोन आपटला. नवरा म्हणाला की रेंज गेली. मी त्याला म्हटलं, "अहो, रेंज नाही गेली, मुलगी जाईल."

पण खरी गंमत पुढेच आहे. मुलीने सामन्यांची लिंक पाठवली होती. तिकडची संध्याकाळ म्हणजे आमची पहाट, आणि सामना संपत येऊन हा मुलगा मैदानात उतरायचा तेव्हा इकडे माझी डब्यांची घाई चाललेली असायची. नवरा आधी नुसतं 'बघू तरी' म्हणून बसला. आठवड्याभरात चहा गार होईपर्यंत बसू लागला. दाढीचा फेस गालावर तसाच आणि हा फोनसमोर! "टाक रे, खाली टाक!" असं ओरडायचा. बॅटवाल्याला जाग्यावर उभा ठेवून बॉल सपकन निघून गेला की मांडीवर थाप मारायचा. आणि त्या मुलाची दिशा बिघडली, सलग चार बॉल बाहेर गेले आणि बॅटवाला फुकटात पुढच्या ठिकाणी चालत गेला, की दिवसभर ऑफिसात धुसफुसायचा.

"वेग आहे, लाइन नाही," हे त्याचं निदान. आणि खरं सांगायचं तर तिकडच्या जाणकारांचंही तेच मत होतं. मुलीनेच कबूल केलं. एवढा जोर हजारात एखाद्याच्या हातात असतो, म्हणून संघ त्याला सोडत नव्हता. नेम बसत नव्हता, म्हणून वर बोलावत नव्हता. मला त्या मुलाची काळजी वाटू लागली आणि आपल्याला काळजी वाटतेय याचा रागही येऊ लागला.

नोव्हेंबरात, तिकडचा हंगाम संपल्यावर, दोघं आम्हाला भेटायला आली. मुलगा दारात वाकून आत शिरला, इतका उंच. पाया पडायचं शिकून आला होता, पण कुठपर्यंत वाकायचं ते माहीत नव्हतं, त्यामुळे माझ्या गुडघ्यांनाच नमस्कार पोचला. मला तो तिथेच आवडला. पण माझ्या आवडण्याला आमच्या घरात मत नव्हतं.

नवऱ्याने परस्पर बेत ठरवून टाकला होता. शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी आमची मराठी मंडळी मोकळ्या मैदानावर क्रिकेट खेळतात. इंजिनियर, ड्रायव्हर, एसीवाले, सगळे एकाच टीममध्ये. तिथे जावयाचा वेग सगळ्यांना दाखवायचा! म्हणजे 'जावई' म्हणायला तो अजून तयार नव्हता, पण मैदानावर ती बातमी त्याच्या आधी पोचली होती. नेहमीपेक्षा दुप्पट लोक जमले. कोणीतरी वडापाव आणले. मालवणकडचा एक ड्रायव्हर सारखा विचारत होता, "ओ काका, जावय बॉल कधी टाकतले?"

नवऱ्याने त्या मुलाच्या हातात बॉल दिला. मुलाने तो बोटांत फिरवून पाहिला, शिवण चाचपली आणि फार अदबीने परत केला. "सॉरी सर," तो म्हणाला. "हंगाम संपला की दोन महिने माझा हात विश्रांती घेतो. मी काहीच फेकत नाही."

"एकच," नवरा म्हणाला. "हळू टाक."

"हळूसुद्धा नाही, सर. तेवढा एकच हात आहे माझ्याकडे."

नवऱ्याचा चेहरा मला बघवेना. मुलगा मग दुपारपर्यंत सीमेबाहेर उभा राहून टाळ्या वाजवत होता, वडापाव खात होता, क्रिकेटचे नियम विचारत होता. परतताना गाडीत नवऱ्याने रेडिओ मोठा करून ठेवला. मुलगी मागच्या सीटवर खिडकीबाहेर बघत रडू आवरत होती. मी मनात म्हटलं, झालं, खलास.

त्या दिवशी जेवायला मी वरण-भात, अळूवडी आणि श्रीखंड केलं होतं. मुलगा सगळं डाव्या हाताने करणारा. लिहितो डाव्याने, बॉल टाकतो डाव्याने. पण मुलीने बजावून ठेवलं होतं की आमच्याकडे उजव्या हाताने जेवतात. त्याचं ते वरण-भात कालवणं बघून मला हसू आणि दया दोन्ही येत होतं. निम्मा भात ताटाबाहेर.

नवऱ्याने शेवटी तोंड उघडलं, आणि प्रश्न तोच. या नोकरीत परमनंट कधी होणार?

मुलाने हातातला घास ताटात ठेवला. "कधीच नाही, सर. उद्या सकाळी फोन येईल, वर ये म्हणून. किंवा येईल, घरी जा म्हणून. दोन्हींची तयारी ठेवतो, हात सांभाळतो आणि रोज नेम सुधारायचा प्रयत्न करतो. तेवढंच मला करता येतं." मग त्याने अगदी सहज, कुठलाही डाव मनात न धरता विचारलं, "तुम्ही इथे परमनंट आहात का, सर?"

मी पाण्याचा जग हातात धरून उभीच राहिले. आम्हाला बहारीनला येऊन पंचवीस वर्षं होत आली. दर दोन वर्षांनी व्हिसा, दर दोन वर्षांनी 'या वेळी बघू' असा जीव टांगणीला. नवऱ्याच्या कंपनीत नुकतीच नवी माणसं आली होती आणि मार्चमध्ये त्याचा व्हिसा संपत होता, पण त्यापुढचं अजून कोणी काही बोललेलं नव्हतं. ह्या घरात आम्ही मुलीला वाढवलं, बारशापासून दहावीपर्यंतचे सगळे पेढे वाटले, पण सामान बांधायची खोकी कधी टाकून दिली नाहीत. आणि हे सगळं आम्ही एकमेकांशीसुद्धा बोलत नव्हतो.

आधी नवऱ्याचे खांदे हलले आणि मग तो मोठमोठ्याने हसायला लागला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. त्यातलं थोडं पाणी हसण्याचं नव्हतं, हे मला कळलं. "नाही रे बाबा," तो मराठीतच म्हणाला. "मीही नाही."

तो उठला, हात धुतले आणि जन्मात पहिल्यांदा माझा साखरेचा डबा स्वतः शोधून घेऊन आला. आमच्याकडे स्थळ पसंत पडलं की हातावर साखर ठेवतात, हे मुलीने त्या पोराला सांगितलं असावं, कारण तो घाईघाईने पाणी पिऊन उभा राहिला. भाताची शितं पुसून त्याने शिकवल्याप्रमाणे उजवा हात पुढे केला.

नवऱ्याने तो हात हळूच बाजूला सारला.

"हा नको," तो म्हणाला. "ज्या हाताने तू पोरीचा संसार चालवणार, तो दे."