हिरड्यांतली नागीण

दात हलतोय म्हटल्यावर ‘काढून टाका, कटकट मिटेल’ हा सल्ला ज्यानं पहिल्यांदा दिला, त्यानं आमच्या भागातल्या निम्म्या म्हाताऱ्यांना भाकरी कुस्करून खायला लावली. आणि हा सल्ला देणाऱ्यांत पांढऱ्या कोटातलेही कमी नाहीत!

मी लातुरात एमडीएस करतेय, हिरड्यांच्या विभागात. इथे किस्से दातांवरच्या कीटणासारखे साचतात. रोज थोडे, नकळत. खरवडायला बसलं की निघतच राहतात.

*

माझा प्रबंध हर्पीसच्या विषाणूंवर आहे. हे कुटुंब मोठं. कुणी ओठावर फोड आणतं, कुणी कांजिण्या. एकदा शिरले की वर्षानुवर्षं अंगात झोपून राहतात. हिरड्या फार बिघडल्या, दात आणि हिरडीमध्ये खोल खाचा पडल्या, की तिथे त्यांच्यातले काही जागे सापडतात. माझं म्हणणं, ते आपल्या पहारेकरी पेशींना थकवतात आणि मग जंतूंना रान मोकळं मिळतं.

आमच्या सरांना हे पटत नाही. ते म्हणाले, “चोरी झालेल्या घरात मांजर सापडलं, म्हणून चोरी मांजरानं केली का?”

मी म्हणाले, “सर, पण दार मांजरानं ढकललं असेल तर?”

सर म्हणाले, “मग ते दाखव.” आणि चहाला गेले.

*

हदगावचे एक गुरुजी नमुना द्यायला तयार झाले. नमुना म्हणजे काय, तर कागदाची बारीक काडी हिरडीच्या खाचेत थोडा वेळ ठेवायची. पण माणसाला सगळं खरं सांगायला हवं, या तत्त्वानं मी ‘हर्पीस’ हा शब्द उच्चारला. गुरुजींनी बाहेर बाकावर बसून तो मोबाईलवर शोधला, तर गुप्तरोगांची यादीच निघाली. आत आले ते दार लावूनच.

“मॅडम, आपण माळकरी माणूस हाव. असलं काही न्हाई आपलं.”

या कुटुंबातले बरेच विषाणू लहानपणी घरच्यांच्या लाळेतूनच येतात, हे पटवता पटवता माझा घसा बसला. शेवटी पटलं. नमुनाही दिला. दारातून मात्र परत फिरले आणि मोबाईल माझ्यापुढे धरला.

“हे आता बायकोला तुम्हीच सांगा. लाइनवरच हाय.”

*

तेव्हापासून मी तो शब्द टाकला. त्याच सुमारास उदगीरहून शिवलिंगअप्पा आले. लग्नाच्या बँडमध्ये क्लार्नेट वाजवतात. वरचे पुढचे दोन दात हलत होते, आणि क्लार्नेटचं तोंड टेकतं ते नेमकं त्याच दातांवर. दोन दवाखान्यांनी ‘काढून टाका’ सांगितलं होतं.

“दात गेले की सूर गेला, तायी,” अप्पा म्हणाले. “मंग वरातीत मी काय डोक्यावर बत्ती धरू?”

मी शब्द जपून वापरला. म्हटलं, “नागिणीच्या कुळातला एक विषाणू तुमच्या हिरड्यांत असू शकतो.” चूक नव्हतं. नागीणही त्याच कुटुंबातली.

पुढच्या खेपेला अप्पा आले ते तोंडाभोवती गेरूचं लालभडक कडं काढून. गिरजाक्कांनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, त्यांना नागीण उतरवणाऱ्याकडे नेलं होतं. नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस जातो, ही समजूत आपल्याकडे आहेच. त्या बाबानं बजावलं होतं, ही तोंडात हाय, ओठ जुळू देऊ नका. अप्पा उदगीर ते लातूर एसटीत तोंड उघडं ठेवून आले होते.

सरांनी आधी अप्पांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “तुझ्या मांजराचा साप झाला की गं.”

*

अप्पांच्या नमुन्यात विषाणू निघाला. मी नाचायचीच बाकी होते. सर म्हणाले, “मांजर दिसलं. चोरीचं बघू.” खाचा उघडून साफ केल्या, टाके घातले, दात मागून तारेनं बांधले. आणि मी सांगेपर्यंत क्लार्नेट बंद.

पण लग्नसराई होती, सुपाऱ्या घेतलेल्या. अप्पा वरातीत गाल फुगवून नुसती बोटं नाचवायचे, सूर सगळा कॅसिओवाल्याचा. निलंग्याकडच्या एका लग्नात नवरदेवाच्या मामानं खास बक्षीस दिलं. म्हणाला, आज क्लार्नेट लई ग्वाड वाजलं.

अप्पा तपासणीला आले तेव्हा त्यांनीच हे सांगितलं. वर म्हणाले, “तायी, जल्मभर खरं फुंकलो. तवा कुनी म्हनलं न्हाई.”

*

पुढे एकदा सरांनीच आरशाची दांडी टेकवून अप्पांचे दात हलवून पाहिले. पुन्हा पाहिले. माझ्याकडे न बघता म्हणाले, “वाजवा.”

अप्पांनी पिशवीतून क्लार्नेट काढलं, तोंडाला लावलं, आणि फुंकेचनात. गिरजाक्कांनी पदर तोंडात धरला. मग एक सूर आला, पार चिरका. मला खुर्चीखाली जावंसं वाटलं. अप्पांनी क्लार्नेट काढून पत्ती जिभेवर ओली केली, दातांवर पुन्हा बसवलं, डोळे मिटले, आणि वरातीची चाल अशी सुटली की समोरच्या विभागातलं पोरगं रडायचं थांबलं. सर खिडकीकडे तोंड करून उभे होते. पाय मात्र ताल धरून राहिला होता.

बाहेरच्या बाकावर औशाची एक म्हातारी दात काढून घ्यायला बसली होती. तिचा नंबर पुकारला गेला, पण ती काही उठेना. तिनं सिस्टरचा हात धरला.

“लगीन हाय का गं हितं? मंग माझे दात जेवन झाल्यावर काढा.”