वहीतली ओळ आणि मॅन पेज

"अण्णाच्या वहीत हाय न्हवं? मग कामून थांबलात?" डॉक्टर मॅडमनी दारातूनच विचारलं.

माझं बोट एंटरवर होतं. औरादच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात मी कॉम्प्युटर सांभाळतो. त्या दिवशी सर्व्हरची डिस्क घरघर करायला लागली. ती कायमची बसायच्या आत डेटा बॅकअपच्या डिस्कवर घ्यायचा होता. आठवड्याचा बॅकअप आपोआप होतो, पण त्यानंतर बत्तीस जणांच्या डोळ्यांची मापं घेतली होती. त्यावरून मोतिबिंदूची लेन्स ठरते. दुसऱ्या दिवशी ऑपरेशनं, आणि माणसं कमलनगरकडून जीप करून येऊन वॉर्डात पथारी टाकून बसलेली.

अण्णा म्हणजे माझ्या आधीचे इनचार्ज. रिटायर होताना त्यांनी कमांडची, म्हणजे कॉम्प्युटरला द्यायच्या हुकमांची वही माझ्या हातात दिली. दसऱ्याला सर्व्हरबरोबर त्या वहीलाही आम्ही हळदकुंकू वाहतो. पूजेतल्या वस्तूवर शंका कोण घेतो? तिच्यात ‘बॅकअप’ या नावाखाली एकच ओळ होती. ती जशीच्या तशी टाइप केली. फक्त तिच्यातला ‘डिलीट’ हा शब्द मला टोचला.

अण्णांना फोन लावला. ते शेतात जाताना फोन घरीच ठेवतात. नेटवर शोधावं तर नौबादकडं रस्ता खोदताना केबल तुटलेली. राहिलं मॅन पेज. प्रत्येक कमांडची माहिती मशीनमध्येच असते; ‘मॅन’ लिहून पुढं कमांडचं नाव टाकलं की उघडते. लांबलचक, रूक्ष इंग्रजी. विचारून काम भागत असताना ते वाचायच्या भानगडीत मी कधी पडलो नव्हतो.

"मॅडम, वाचायलोय. दहा मिनिटं द्या."

ही काय वाचायची वेळ आहे का, म्हणाल्या, पण खुर्ची ओढून बसल्या.

त्यात लिहिलं होतं, आधी लिहायचं ते कुठून घ्यायचं, नंतरचं ते कुठं टाकायचं. आणि डिलीट म्हणजे, पहिल्या जागी जे नाही ते दुसऱ्या जागेवरून पुसून टाक. वहीतल्या ओळीत आधी बॅकअप होता, नंतर आमचा चालू डेटा. त्याच मॅन पेजवर रंगीत तालमीची सोय सापडली. कमांड काय करेल ते नुसतं दाखवते, करत नाही. ती चालवली. पुसायच्या फायलींची यादी सरकू लागली. पहिलंच नाव वॉर्डातल्या सुलोचना अक्कांचं. सकाळीच त्यांनी मला चहा घेतलास का म्हणून विचारलं होतं.

जागा बदलल्या, डिलीट काढलं, पुन्हा तालीम घेतली आणि मग एंटर दाबलं. दुसऱ्या दिवशी सगळी ऑपरेशनं झाली.

नंतर अण्णा फोनवर भेटले. त्यांना सगळं सांगितलं.

"ती ओळ बॅकअपमधलं परत आणायची हाय. मला ठावं होतं, म्हणून लिहिलो न्हाई."

"वही घेताना मी बी विचारलो न्हाई, अण्णा."

त्यांना लिहायची गरज वाटली नव्हती, मला विचारायची. मधे बत्तीस माणसांचे डोळे होते.