आडवं पडण्याची किंमत

आक्काला कुणी "गेम मस्त झालाय" म्हटलं की तिचं डोकंच फिरायचं. "मस्त हे काय उत्तर झालं? कुठं मेलास ते सांग!" असं ती भर हॉटेलात, लग्नाच्या पंगतीत, कुठंही ओरडून विचारायची. "कुणी मारलं? पळत होतास का बसलेला?" शेजारची माणसं घास हातात धरून बघत राहायची. तिच्या वडिलांचं मार्केट यार्डात डाळीचं दुकान. एकदा गिऱ्हाइकासमोरच तिनं फोनवर कुणाला तरी "तुला मागनं मारलं का पुढनं?" असं विचारलं, तेव्हा अप्पांनी कपाळाला हात लावला.

होटगी रोडला एका बेकरीच्या वर आमचं ऑफिस होतं. माणसं तीन: आक्का, चित्रं काढणारा श्रीनू आणि कोडिंग करणारा मी. आक्का आमच्यापेक्षा थोडीशीच मोठी, पण तोरा थोरल्या बहिणीचा. आम्ही मोबाइलवरचा बंदुकांचा गेम करत होतो, लोक आपापल्या गावात बसून एकमेकांविरुद्ध खेळतात तसला. त्यातलं रान मात्र आमच्याकडचं होतं: ऊस, विहीर, पत्र्याचं गोडाऊन. बंगळूरची नोकरी नाकारून आक्का इथं बसली होती. "गेम करायला गाव का सोडायचं? सोलापुरात काय वीज नाही की डोकं नाही?" असं अप्पांना ठणकावून सांगितलं होतं तिनं.

आणि गेम पहिल्यांदा बाहेरच्या लोकांच्या हातात दिला, तर पार बोऱ्या वाजला! आमच्याकडं उभं राहून गोळी झाडली की ती विखरायची, उकिडवं बसलं की बऱ्यापैकी लागायची आणि आडवं पडलं की नेमकी जाऊन बसायची. झालं. जो तो उसात पालथा. कुणी हलायला तयार नाही. जो बिचारा पळायचा तो मरायचा, आणि मेला की गेमच काढून टाकायचा. आमच्या गेममध्ये पैसे गुंतवू पाहणाऱ्या पुण्याच्या साहेबांनी निरोप धाडला, "सामने ठेवा, मी येतो. हरलेला माणूस परत खेळतो का, एवढंच मला बघायचंय." ते नाही म्हणाले असते तर ऑफिसला कुलूप आणि आक्काची रवानगी बंगळूरला, हे आम्हाला स्वच्छ कळत होतं.

ही भानगड आम्हाला आधी कशी दिसली नाही? त्याचं कारण सांगायला मला अजून लाज वाटते. सोलापूरचं ऊन, त्यात कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि वर ताक. जेवण झालं की आम्ही चादर अंथरायचो, आडवे व्हायचो आणि तसेच पडल्या पडल्या गेम तपासायचो. डोळे जड, अंग जड. पळायची इच्छा होती कुणाला? सगळेच पडून खेळत होते, म्हणून सगळ्यांना सगळं ठीक वाटत होतं. आक्का म्हणाली, "साकु! पुरे. झोपाळू लोकांनी झोपाळूंसाठी गेम केलाय. आजपासून तपासणी सकाळी, उपाशीपोटी."

मी घाईघाईनं उपाय केला. आडवं पडलेल्याचा नेमच बिघडवून टाकला. दुसऱ्या दिवशी सगळे खेळाडू माकडासारखे उड्या मारत गोळ्या उधळायला लागले. आक्का माझ्यावर अशी उखडली म्हणता! "रागानं गेममधले आकडे बदलायचे नाहीत रे! एखाद्याला मिळालेलं काढून घेऊ नये, त्याची किंमत लावावी. आडवं पडून नेम चांगला लागतो, हे खरंच आहे की. पण पडलेल्या माणसाला काय काय जमत नाही, ते कुणी बघितलं?"

मग तिनं आम्हालाच कामाला लावलं. मला चादरीवर पालथं पाडलं आणि हातात केरसुणी दिली बंदूक म्हणून. श्रीनूला मोरीतला लांब झाडू देऊन उकिडवं बसवलं. स्वतः काठी घेऊन खोलीभर पळत राहिली. टाळी वाजली की उठायचं आणि पंख्यावर नेम धरायचा. श्रीनू चटकन उठायचा. माझं आधी कोपर, मग गुडघा, मग "अयाई गं", आणि उभा राहिलो तरी केरसुणी थरथरतेय. आक्का पळताना काठी डुलायची, पण क्षणभर थांबून श्वास घेतला की स्थिर व्हायची. तेच सगळं तिनं गेममध्ये आणायला लावलं. पडलेल्याचा नेम पक्का, पण त्याला समोरचं गवत तेवढं दिसणार, वळायला आणि उठायला वेळ लागणार, उठल्यावर हात थरथरणार.

मी भांडलो. "आक्का, बटण दाबलं की माणूस उठला पाहिजे. लोकांना सावकाशपणा चालत नाही." ती म्हणाली, "तू उठून दाखव की बटण दाबल्यासारखा!" खाली बेकरीवाल्यालाही हसू आवरलं नाही म्हणे.

सामन्याला एका कॉलेजचा हॉल घेतला. शेवटच्या डावात दोघंच उरले. अकलूजच्या दूध डेअरीतला संग्राम, उसात पालथा, लांब बंदूक घेऊन. आडवं पडून खेळण्यात त्याच्यासारखा गडी जिल्ह्यात नव्हता. समोर चिंचोळी एमआयडीसीत पॅकिंगला असणारी रुखसाना, हातात साधी बंदूक. ती गोडाऊनमागून पळत सुटली. त्यानं गवताआडून अंदाजानं झाडलेली गोळी तिच्या डोक्यावरून गेली. ती विहिरीला वळसा घालून त्याच्या बाजूला आली. त्याला पावलं ऐकू आली, दिसेना काही. तो उठला आणि घाईत गोळी झाडली, हात थरथरत असतानाच. चुकली! रुखसाना विहिरीच्या कठड्याआड उकिडवी बसली, थांबली आणि एकच गोळी घातली. हॉल असा उसळला की मी श्रीनूच्या गळ्यातच पडलो.

संग्राम तरातरा आक्कापाशी आला. मला वाटलं, आता हा शिव्या घालणार. पुण्याहून आलेले साहेबही पुढे सरकून उभे राहिले.

"आक्का," तो म्हणाला, "मी उटायलाच नको हुतं. तितंच वळायला पायजे हुतं. चूक माजी हाय, तुमच्या गेमची न्हाय. परत लावा डाव. हिला आता सोडत न्हाय."

"ये की!" रुखसाना तिकडून ओरडली.

आक्कानं लगेच डाव परत लावायला घेतला. मग हरलेले सगळेच मोबाइल घेऊन परत बसायला लागले, मोहोळची पोरं तर जागेसाठी भांडली. आक्का जिंकली होती आणि ते त्या हॉलमध्ये प्रत्येकाला दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी झालेला करार, बेकरीच्या वरचं ते आजही सुरू असलेलं ऑफिस, नोकरीसाठी माझं हैदराबादला जाणं, हे सगळं नंतरचं. त्या संध्याकाळी एका बाजूला एक खेळाडू कमी पडत होता. साहेबांनी घड्याळ बघितलं, बॅग खुर्चीवर ठेवली आणि श्रीनूकडं मोबाइल मागितला. पुण्याची गाडी सुटली, तेव्हा साहेब उसात पालथे पडले होते आणि रुखसाना मागून येत होती.