एकदाच दाबलेली कळ

दुपारी एक वाजून दहा मिनिटं. एन्कार्नासिओन गाव जेवून आडवं झालं होतं. ब्लास इराला मात्र आपल्या कम्प्युटर-खेळांच्या दुकानाचं शटर अर्धं ओढून, झुनिल्दाने घरी खेळून आणलेला डाव कम्प्युटरवर लावत होता. शनिवारी पूल ओलांडून पलीकडे पोसादासला खेळाच्या सामन्याला जायला एकच जागा उरली होती. ती तिला द्यायची की आन्सेल्मोला, हे त्याला ठरवायचं होतं. दोघंही मागे उभी होती.

खेळ तीस वर्षांपूर्वीचा, बंदुकीचा. आता तो चालतो हौशी लोकांनी नव्याने लिहून सगळ्यांना फुकट दिलेल्या प्रोग्रामवर, म्हणजे इंजिनावर. त्यात डावाची चित्रफीत नसते. कुठली कळ कधी दाबली एवढंच साठवलेलं असतं, आणि इंजिन त्यावरून डाव पुन्हा खेळून दाखवतं.

झुनिल्दाचा शिपाई भिंतीला नाक लावून भिंतीवरच गोळ्या झाडू लागला.

"बघा कराई, बनावट आहे," आन्सेल्मो ब्लासला आदराने म्हणाला.

"तुला फार घाई," ब्लास म्हणाला. "झुनिल्दा, घरचं इंजिन कधीचं?"

"दोन वर्षांपूर्वीचं. बदललंच नाही."

ब्लासने तीच जुनी आवृत्ती लावली; नव्या इंजिनावर जुन्या नोंदीतल्या कळा भलतीकडे नेतात. शिपाई सरळ शेवटच्या दारापर्यंत गेला.

"झालं समाधान?" झुनिल्दाने विचारलं.

"नाही," ब्लास म्हणाला. "वेग अर्ध्यावर आणून सावकाश खेळलेलं नोंदीत दिसत नाही."

"तुम्ही हातातल्या थंडगार तेरेरेच्या पेल्यावरही संशय घ्याल."

"घेतोच. बर्फ कुठला ते विचारून पितो."

त्याने डाव पुन्हा लावला आणि फक्त दारं पाहिली. प्रत्येक दाराशी तिने कळ दोनदा, तीनदा दाबली होती. पाठीमागे राक्षस लागला की हात असाच चालतो. अर्थात, असं मुद्दामही करता येतं. ताडून पाहायला म्हणून त्याने गेल्या आठवड्यात मान्य केलेला आन्सेल्मोचा डाव उघडला.

सगळ्या दारांवर कळ एकेकदाच. हाताची घाई कुठेच नाही.

ब्लास खुर्ची फिरवून दोघांकडे वळला.

"उद्या माझ्यासमोर खेळायचं," तो म्हणाला. "दोघांनी."

"मी कशाला? माझा डाव तुम्हीच मान्य केलात ना?"

"केला होता."

"उद्या मला जरा काम आहे, कराई."

"मग जागा हिची, माझ्यासमोर खेळून दाखवलं तर," ब्लास म्हणाला. झुनिल्दा हसली नाही; खेळायचं तिलाही चुकणार नव्हतं.

उद्या गुरुवार. दुपारच्या झोपेनंतर दुकान नेहमीसारखं तीनला पुन्हा उघडेल. पहिले दोन कम्प्युटर राखून ठेवले आहेत, आणि वेग बदलायची सोय ब्लासने दोन्हींवरून काढून टाकली आहे.