शेवटची खुंटी

"हातात नको. तिथं खाली ठेव. आबा उचलतील."

साहेब हे इतकं हळू म्हणाले की शेजारच्याला ती साधी सूचना वाटावी. समोर चौरंग, चौरंगावर आम्ही तिघांनी बनवलेला लाकडी दिवा, आणि माझ्या पुढे केलेल्या हातात त्याची शेवटची खुंटी. मी ती फरशीवर ठेवली. आबांनी उचलून साहेबांना दिली. साहेबांनी तिच्यावर पळीभर पाणी घातलं. मग आणखी पळीभर. मग बहुधा मनाचं समाधान झालं नसावं, म्हणून ती ताम्हनातल्या पाण्यातच सोडली. भटजींचे मंत्र चालू होते. खुंटी न्हात होती. मी दाराशी जाऊन उभी राहिले.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. नगरजवळ नागापूर एमआयडीसीत आमचा कारखाना. लाकूड लेसरनं कापणारं जुनं परदेशी मशीन शेठनी आणलं होतं, आणि त्याच्या पाठोपाठ 'टीम' हा शब्द आला. "आपण टीम आहोत," साहेब रोज सांगायचे. टीम म्हणजे डिझाइन बघणारे साहेब, जोडणी करणारे आबा सुतार आणि कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढणारी मी. साहेबांचा चहाचा थर्मास वेगळा असायचा. त्यांचं पोट नाजूक असेल, असं मी धरून चालले होते. माणूस दमलेला असला की असल्या गोष्टी धरून चालतो. पुणतांब्याजवळच्या वस्तीतून शिकून, नोकरीपर्यंत पोचेतो मी बरीच दमलेली होते.

शिर्डीत नवं हॉटेल होत होतं. त्याच्या खोल्यांसाठी दिवा हवा होता. साहेबांची अट एकच, आणि ती चांगली होती : ना खिळा, ना सरस. सगळे तुकडे खाचांनी एकमेकांत अडकले पाहिजेत. नक्षी त्यांना कमळाची हवी होती. मी बाभळीची काढली.

"बाभूळ? काटेरी झाड उशाशी ठेवून कोण झोपेल?" साहेब म्हणाले.

"आमी झोपतोच की," आबा म्हणाले.

आधी पुठ्ठ्याचा केला, तो वाकला. प्लायचा केला, तो एका बाजूला कलला. पुढचा नीट उभा राहिला, पण बल्ब जवळ पडला आणि लाकूड करपून खोलीभर वास सुटला. लेसरनं कापलेली कड काळी निघते. ती घासताना तिघांचेही हात कोपरापर्यंत काळे व्हायचे, आणि काळ्या हातांत कुणाचा कुठला हे कळत नसे. अखेर एके संध्याकाळी दिवा लागला. भिंतीवर बाभळीची बारीक सावली पसरली. कमळाचं नाव पुन्हा निघालं नाही. दुसऱ्या दिवशी साहेब शेठना म्हणाले, "आम्हाला बाभूळ सुचली." अनेकवचनात मीही होते, म्हणून मी तक्रार केली नाही.

दिव्याचे सगळे तुकडे शेवटी एका खुंटीनं आवळले जायचे. ती नसेल तर उचलताना दिवा उघडून पडायचा. आबांच्या घराण्यात एक रीत होती. "ज्याची रेघ, त्याची खुंटी. माझ्या आज्यापासनं चालत आलंय, पोरी." म्हणून प्रत्येक नमुन्याची शेवटची खुंटी मीच बसवायची. साहेबही हसून मागे सरायचे. त्या क्षणासाठी मी कारखान्यात येत होते, असं म्हटलं तरी चालेल.

पक्का नमुना खंडेनवमीला हॉटेलवाल्यांना दाखवायचं ठरलं. त्या दिवशी हत्यारांची पूजा. करवत, पटाशी, लेसरचं मशीन, सगळ्यांना हळदकुंकू, झेंडूची माळ. आणि दिवसभर त्यांना हात लावायचा नाही. पूजा मी करत नाही, आमच्या घरात कुणी करत नाही. पण खुंटी बसवणं ही पूजा नव्हती. ते माझं काम होतं. ते करायला मी पुढे गेले, आणि त्यानंतर काय झालं ते वर सांगितलंच आहे.

गंमत अशी की तुकडे मी घासले होते, खाचा मी तपासल्या होत्या. सबंध दिवा माझ्या हाताखालून गेला होता. अंघोळ मात्र एकट्या खुंटीला.

आरती झाली. साहेबांनी ताम्हनातून खुंटी काढून खाचेत घातली. ती जाईना. दाबली. जाईना. प्लायला पाणी लागलं की ते फुगतं. कारखान्यातली 'पाणी दूर ठेवा' ही पाटी साहेबांनीच लावलेली. त्यांना ते माहीत नव्हतं असं नाही. पण एक भीती अशी असते की तिच्यापुढे शिक्षणही चप्पल काढून उभं राहतं.

"आबा, जरा घासून द्या," शेठ म्हणाले.

आबांनी माळ घातलेल्या कानशीकडे पाहिलं. "आज कसं घासू, शेठ? हत्यारं बसल्याली हायेत."

मशीनही बसलेलं. हॉटेलवाले घड्याळ बघायला लागले. मग आबांची नजर माझ्याकडे वळली. मी नेहमी एक जादा खुंटी कापून पर्समध्ये ठेवते, हे त्यांना ठाऊक होतं. साहेबांनाही होतं. ते दारापर्यंत आले. हात पुढे केला. मघाशी मागे राहिलेला तोच हात.

"दे पटकन."

"मी बसवते."

"अगं, वेळ काय, तू बोलतेस काय? दे."

"मी बसवते. आणि तिला पाणी लागणार नाही."

शेठ म्हणाले, "बाई, सणाच्या दिवशी मोठ्यांचा मान ठेवावा." आबा जवळ येऊन पुटपुटले, "पोरी, देऊन टाक. कशापायी वाद? नोकरी जाईल."

"आबा, रीत तुमचीच आहे ना?"

आबांनी मान खाली घातली. त्यांच्यावर माझा राग नाही. पण ते बोलले नाहीत, हे मी विसरणारही नाही.

मी पर्स खांद्याला लावली आणि बाहेर पडले.

पुढचं नंतर कळलं. दिवा उघडून पडू नये म्हणून साहेबांनी त्याला पूजेचा लाल दोरा गुंडाळला. पाहुण्यांनी विचारलं, हे काय? साहेब म्हणाले, हा डिझाइनचाच भाग. पाहुण्यांना तो फार आवडला. हॉटेलातल्या सगळ्या दिव्यांना म्हणे खुंटीही आहे आणि लाल दोराही.

मला पॅकिंगला टाकलं. ड्रॉइंग अडलं तेव्हा परत बोलावलं. मी म्हटलं, रेघ माझी तर खुंटी माझी, हे सगळ्यांसमोर कबूल करा. साहेब म्हणाले, एवढ्याशा गोष्टीचा केवढा बाऊ. मी राजीनामा दिला. घरी आई रडली, वडील चार दिवस बोलले नाहीत. दुसरी नोकरी लवकर मिळाली नाही, आणि मिळाली ती बरी नव्हती.

ती जादा खुंटी माझ्याकडे आहे. कोरडी आहे. ती मी कुणाच्या पायाशी ठेवणार नाही, कुणाच्या हातातही देणार नाही. जे मी आखीन ते मीच आवळीन, चारचौघांत, याच हातानं. ते चालत नसेल, तर दिवा पडू द्या.