पाहुण्यांचा रकाना

मी आंजी सोडली त्या दिवशी बाबांनी मला तिकीट फाडून दिलं. बाबा एसटीत कंडक्टर होते आणि त्या सकाळची आंजी–वर्धा नेमकी त्यांचीच फेरी होती. घरच्यांचा पास वर्षातून ठरावीक दिवसांचा असायचा, तो आईनं माहेरच्या लग्नांमध्ये केव्हाच संपवलेला. मला वाटलं, पाऊण तासाचा रस्ता, बाप स्वतः गाडीत, कोण विचारतंय. बाबा मागच्या सीटपासून तिकिटं काढत पुढं आले, माझ्याजवळ थांबले, पत्र्याच्या पेटीतून एक तिकीट काढून पंच केलं, माझ्या हातात ठेवलं, आणि स्वतःच्या शर्टाच्या खिशातले पैसे काढून कातडी बॅगेत टाकले. सगळी गाडी बघत होती. "कमवाले चालला ना," ते म्हणाले, "मंग फुकट नोको जाऊ." मला असा राग आला की वर्ध्यापर्यंत मी खिडकीबाहेरच पाहत बसलो. स्टँडवर त्यांनी माझी बॅग उतरवून दिली, "पोचल्यावर फोन करजो" म्हणाले आणि परतीच्या फेरीची घंटी वाजवली.

सोळा-सतरा वर्षं झाली त्याला. पुण्यात आल्यावर मी आधी 'मला'ऐवजीचं 'मले' टाकलं, मग 'का'ऐवजीचं 'काऊन' टाकलं. नोकरदारांच्या हॉस्टेलवरची पोरं हसायची म्हणून टाकलं, खोटं कशाला बोलू. पुढं कंपनीत बढती, लग्न, मुलगी, वाकडला दोन बेडरूमचा फ्लॅट. आंजीला फोन लावला की जीभ आपोआप वळते, पण शेजारच्या खोलीत पल्लवी, म्हणजे माझी बायको, असली तर आवाज जरा खाली जातो. ती सोलापूरची आहे. तिला माझी बोली आवडते, ती कधी हसली नाही. तरी माझा आवाज खाली जातोच.

आता कर्जाचं सांगतो. फ्लॅटचं कर्ज सगळ्यांनाच असतं, त्याची लाज नाही. लाज आहे ती तीन क्रेडिट कार्डांची आणि ती भरण्यासाठी काढलेल्या पर्सनल लोनची. सोफा, मॉड्युलर किचन, मैत्रीच्या, म्हणजे आमच्या मुलीच्या, पाचव्या वाढदिवसाचा हॉटेलातला हॉल, गोव्याची ट्रिप. ऑफिसात सगळे करत होते, मीही केलं. कार्डाचं बिल आलं की त्यातली कमीत कमी रक्कम भरायची आणि काम झालं असं मी दोन वर्षं मानलं. रात्री घरी आल्यावर एक रुपया कमी निघाला तर पुन्हा पहिल्या तिकिटापासून मोजणाऱ्या माणसाचा मुलगा मी, आणि मला व्याजावर व्याज कसं चढतं ते कळलं तेव्हा आम्ही नऊ लाखांत होतो. आंजीत यातलं कोणालाच माहीत नव्हतं. बाबा विचारायचे, "हप्ते बराबर चालू हायेत ना?" मी म्हणायचो, "हाव बाबा."

हिशेब ठेवायचं पल्लवीनं ठरवलं. आधी आम्ही मोबाइलवर एक ॲप घेतलं. महिना संपल्यावर ॲपनं एक रंगीत गोल काढून दाखवला, आम्ही तो पाहिला आणि बाहेर जेवायला गेलो. मग ती म्हणाली, कागदावर लिहायचं, हातानं, आणि फ्रिजवर लावायचं. येता-जाता दिसलं पाहिजे. मी आखणी केली: किराणा, दूध-भाजी, शाळा, पेट्रोल, सोसायटीचा मेंटेनन्स, हप्ते, इतर. प्रत्येक रकान्याला एक आकडा ठरवून दिला, तो ओलांडायचा नाही. आणि खरं सांगतो, जमलं. स्वयंपाकाच्या मावशींना बंद केलं, गाडी विकून मी बसनं जायला लागलो, मैत्रीच्या वाढदिवसाला घरी शिरा झाला. पाच-सहा महिन्यांत एक कार्ड संपलं. मी ते कात्रीनं कापलं तेव्हा पल्लवीनं टाळ्या वाजवल्या. मला त्या कागदाचा अभिमान वाटायला लागला होता, आणि अभिमान चढला की माणूस बारीकसारीक गोष्टींत कडक होतो.

त्याच सुमारास बाबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. माझ्या कंपनीच्या विम्यात आईवडील बसतात, म्हणून मीच म्हणालो, पुण्याला या, दोन्ही डोळे करून घेऊ. एक आधी, दुसरा महिन्याभरानं. आईला शेजारच्यांवर गाय सोडून येता येईना, बाबा एकटेच आले. पहिला डोळा छान झाला. ऑपरेशनचा एक पैसा आम्हाला लागला नाही.

पण घरात माणूस वाढलं की दूध अर्धा लिटर वाढतं. बाबांना सकाळी दोन अंडी लागतात. डॉक्टरांकडे तीनदा रिक्षा झाली, विम्यात न बसणारे ड्रॉप आले. दुधाचा रकाना ओलांडायला लागला आणि मला ते बघवेना. महिन्याच्या शेवटी पल्लवीला आणि स्वतःला सांगता आलं पाहिजे की वाढ आपल्यामुळं नाही. म्हणून एका रात्री जेवणं झाल्यावर मी 'इतर'च्या खाली पट्टीनं रेघ मारली आणि नवा रकाना काढला. त्याला नाव काय द्यावं असा विचार मी केलासुद्धा नाही. हात आपसूक लिहून गेला: पाहुणे.

आपल्याकडं पाहुणे कोणाला म्हणतात ते आंजीच्या माणसाला सांगायला नको. मुलगी बघायला येतात ते पाहुणे. जावई पाहुणा. ज्याला ताट आधी वाढायचं आणि जो गेल्यावर अंगण पुन्हा आपलं होतं तो पाहुणा. बापाला हा शब्द लावलेला मी जन्मात ऐकला नव्हता, आणि तो मी लावला, पट्टीनं सरळ रेघ मारून.

पुढचे आठ-दहा दिवस तो रकाना भरत गेला. पल्लवीनं पाहिला तेव्हा ती म्हणाली, "हे नाव बदल, बरं दिसत नाही." मी म्हणालो, "हिशेब आहे तो, त्यात काय बरं दिसायचं." ती भांडी लावायला वळली.

बाबांना वाचायला मनाई होती. दिवसभर काळा चष्मा लावून ते हॉलमध्ये बसायचे, मैत्री शाळेतून आली की तिच्याशी गप्पा. एका दुपारी मी आतल्या खोलीत घरूनच काम करत होतो, एका कानाला हेडफोन, मीटिंग चालू, माझा माईक बंद. बाबा पाणी प्यायला उठले असतील. स्वयंपाकघरातून आवाज आला, "मैत्री, हा कायचा कागद लावला वं फ्रिजले? वाचून दाखव बरं मले."

मैत्री इंग्रजी शाळेत जाते, मराठी अक्षर लावून लावून वाचते. किराणा झाला. शाळा झाली. मी खुर्चीत बसून सगळं ऐकत होतो. उठून जायला पाच पावलं होती.

"पा... हु... णे," ती म्हणाली. "दूध जास्तीचं. अंडी. रिक्षा. ड्रॉप." मग थांबली. "आबाजी, आपल्याकडं कोण पाहुणे आले होते?"

बाबा कागदाच्या आणखी जवळ गेले. मग त्यांनी विचारलं, "अक्षर कोनाचं हाये हे?"

"माझ्या बाबाचं," ती म्हणाली.

तेवढ्यात मीटिंगमध्ये कोणीतरी माझं नाव घेतलं. मी माईक चालू केला आणि म्हणालो, "येस, आय ॲम हिअर." पुढची वीस मिनिटं मी तिथंच बसून राहिलो.

संध्याकाळी बाबा नेहमीसारखे जेवले. सकाळी मी दूध घ्यायला उठलो तर कागदावर माझ्या रकान्याखाली जाड, वाकड्या अक्षरांत एक ओळ होती. एका नव्या आणि एका धुरकट डोळ्यानं लिहिलेली. 'पाहुण्याकडून जमा – अकराशे चाळीस.' फ्रिजवर दोन पाचशेच्या नोटा, एक शंभराची आणि वीसची दोन नाणी रचून ठेवलेली. बेरीज त्यांची बरोबर होती. मी तपासली होती, हे सांगतानाही कसंतरी होतं.

त्याच आठवड्यात ते निघाले. दुसऱ्या डोळ्याची तारीख ठरली होती. मी म्हणालो, "बाबा, एक डोळा राहिला ना." ते म्हणाले, "पाहू मंग. तुही आई एकटी हाये तिकडं." खोटं नव्हतं ते, म्हणून मला त्याच्या आड लपता आलं. स्टेशनवर मी त्यांना पाण्याची बाटली घेऊन दिली. माफी मागायला तेवढा वेळ पुष्कळ होता.

इथवरचं कोणाच्याही हातून होईल. पुढचं मी समजून-उमजून केलं. बाबांचा चेहरा पाहून आईनं त्यांना खोदून खोदून विचारलं असेल, आणि रकान्याची गोष्ट तिला कळली. तिचा फोन आला. "काऊन रे, सूनबाईनं लिवलं काय ते? पाहुणे म्हणून?" मी म्हणालो, "जाऊ दे ना आई." एवढंच म्हणालो. पल्लवी समोर मैत्रीची वेणी घालत होती.

त्या 'जाऊ दे'चा अर्थ आईनं जो घ्यायचा तो घेतला. आधी ती आठवड्यातून दोनदा पल्लवीला फोन करायची. ते थांबलं. हिवाळ्यात तुरीची डाळ आणि वड्यांचं पार्सल आलं, त्यावर दरवर्षी पल्लवीचं नाव असायचं, या वेळी मैत्रीचं होतं. पल्लवी बोलली, "आई माझ्याशी नीट का बोलत नाहीत? माझं काही चुकलं का?" मी म्हणालो, "वय झालंय तिचं." सात महिने मी हे चालू दिलं. जिनं शब्द बदल म्हणून सांगितलं होतं, तिच्याच नावावर मी तो खपवला.

दुसरं कार्ड संपलं तेव्हा कापताना टाळ्या वाजल्या नाहीत. मीच वाजवू दिल्या नाहीत. रजा टाकली आणि एकटा आंजीला गेलो. ऊन चढलं होतं, बाबा ओट्यावर बाजेवर बसून पेपर वाचत होते, चष्म्याशिवाय. दोन्ही डोळे स्वच्छ. मी बघतच राहिलो. "दुसरा केव्हा केला?"

"झाले दोन महिने. वर्ध्यालेच."

"मले सांगितलं काऊन नाई?"

"तुह्यावाल्या कागदावर आणखी एक ओळ वाढली असती," ते म्हणाले. रागानं नाही, हवापाण्याचं सांगावं तसं.

आई चहा घेऊन आली आणि आल्या आल्या पल्लवीवर घसरली. "शिकलेली पोट्टी, पन म्हाताऱ्या मानसाले पाहुना म्हनते." बाबा पेपरकडंच पाहत होते. तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत आहे अक्षर कोणाचं ते, आणि सात महिने त्यांनी आईला सांगितलेलं नाही. मला झाकून ठेवलं होतं. बायकोला मी उघड्यावर सोडलं, आणि बापानं मला झाकलं.

मी सांगितलं. रकाना मी काढला, नाव मी दिलं, पल्लवीनं उलट अडवलं होतं. मग कार्डांचंही सांगितलं, नऊ लाखांचं, सगळं. आई कप हातात घेऊन उभीच होती. "मंग तू इतके महिने काऊन चूप राह्यला?" तिनं विचारलं. भीती वाटत होती, एवढंच खरं, पण आईसमोर तेही तोंडातून निघेना. तिनं कप खाली ठेवला, आत जाऊन फोन घेतला आणि पल्लवीला लावला. "सूनबाई, मी बोलून राह्यली," एवढं ऐकू आलं, मग ती परसात निघून गेली. पल्लवीनं त्यानंतर माझ्याशी चार दिवस धड बोलणं केलं नाही, आणि तिचं बरोबर होतं.

बाबांनी पेपराची घडी घातली. "नऊ लाख," ते म्हणाले. "आन अंड्याचे पैसे लिवत होता." मग ते थोडं हसले. मला रडू आलं.

आंजीतून निघालेल्या आणि आंजीत राहिलेल्या तुम्हा सगळ्यांना हे लिहितो आहे ते यासाठी, की गेल्या महिन्यात शेवटचं कार्ड आणि पर्सनल लोन दोन्ही संपलं. आता फक्त घराचा हप्ता आहे. अभिनंदनाचे फोन येतील म्हणून आधीच सांगून टाकतो की कसं फेडलं. कागद मी फ्रिजवरून काढला. मी अजूनही सुटीत आंजीला जातो. दारात चपला काढतो, न विचारता मडक्यातलं पाणी घेतो, आवडेल तितके दिवस राहतो. केव्हा जाणार असं मला तिथं आजवर कोणी विचारलेलं नाही. आईला विचारायचं असलं तरी ती "रजा भेटली ना बराबर?" असं फिरवून विचारते. घर म्हटलं की माझ्या डोळ्यासमोर तेच येतं, वाकडचा फ्लॅट नाही, मग त्याचे हप्ते मी कितीही भरो.

परवा रविवारी बाबांना फोन लावला. पल्लवी शेजारी होती, मी आवाज खाली घेतला नाही. म्हणालो, "बाबा, आता तुम्ही दोघंही या. गाईचं पाहू काहीतरी. मैत्री वाट पाहून राह्यली."

"येतो ना," ते म्हणाले. खूश झालेले आवाजावरून कळत होतं. मग अगदी साधेपणानं, कोणताही टोमणा नाही, त्यांनी विचारलं, "किती दिवस येऊ?"

पलीकडं ते वाट पाहत राहिले.